सीताफळाच्या बिया

दसरा जवळ आला की आमच्या शहरात सीताफळांच्या हातगाड्या दिसू लागतात. दौलताबादकडच्या डोंगरांतून आलेली ही फळं पाट्यांमध्ये डोळे मिटून बसलेली असतात, अंगावर वारूळ चढलेल्या ऋषींसारखी. त्यांना पाहिलं की मला हमखास एदेन बाग आठवते. याला जबाबदार माझी आजी. छावणीतल्या देवळात (चर्चला आम्ही घरात देऊळच म्हणायचो) ती लहान मुलांची रविवारची शाळा घ्यायची, आणि आज्ञापालन हा तिचा लाडका विषय होता. उत्पत्तीच्या पुस्तकात त्या मना केलेल्या फळाचं नावच दिलेलं नाही. सफरचंद तिकडच्या चित्रकारांनी रूढ केलं. आजीच्या लेखी सफरचंद म्हणजे आजारी माणसाला भेटायला जाताना न्यायची वस्तू. त्याच्यासाठी कुणी स्वर्ग घालवील हे तिला पटेना. तिनं हव्वेच्या हाती सरळ सीताफळ दिलं.

यात फार मोठा गुन्हा नव्हता. फादर स्टीफन्स यांनी आपल्या क्रिस्तपुराणात आदाम-हव्वेला मराठी ओवीत आणून बसवलं ते 1616 साली. चारशे वर्षं इथे राहिलेल्या माणसांनी इथलंच फळ खाल्लं तर बिघडलं कुठे? शिवाय ज्या फळाला सीतेचं नाव आहे ते या कथेत शोभतंच. तिचीही एक रेघ होती आणि तीही ओलांडली गेली. (ती रेघ वाल्मीकींनी आखलेली नाही म्हणतात. बायकांसाठी रेघा मागाहून आखणारे पुष्कळ असतात.)

मला मात्र तेव्हाच एक शंका आली होती. सफरचंद चोरून खाता येतं. सीताफळ कसं खाणार? हात कोपरापर्यंत चिकट, गाल फुगलेले, आणि कुणी काही विचारलं तर उत्तर देण्याआधी बिया थुंकणं भाग. संध्याकाळच्या गार वाऱ्यात परमेश्वर बागेत फिरायला येतो आणि आदामाला हाक मारतो, तेव्हा तो झाडाआड गप्प का बसला याचं पटण्याजोगं कारण मला आमच्या अंगणात सापडलं होतं. पुढे दोघांनी अंजिराची पानं शिवून नेसली. अंजिराच्या बागाही आमच्या दौलताबादकडे आहेत. ते पान एकदा गालावर घासून पाहावं, पॉलिश पेपरसारखं लागतं. बागेतून हाकलणं वगैरे पुढचं. खरी शिक्षा तिथेच सुरू झाली असणार.

नोहाच्या गोष्टीत मी आजीची पुरती पंचाईत केली. चाळीस दिवस आणि चाळीस रात्री पाऊस, हे ती डोळे मोठे करून सांगत होती, आणि मराठवाड्यातली, नळाची वाट पाहत वाढलेली आम्ही पोरं आनंदानं एकमेकांकडे बघत होतो. ही शिक्षा कशी, असं मी विचारलं. आजी क्षणभर थांबली आणि तारवाच्या मापांकडे वळली. तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद, तीस हात उंच. नोहानं एका शब्दानं विचारलं नाही, की कशाला? मोठेपणी मी स्वतः वाचलं तेव्हा कळलं, तो खरंच संपूर्ण प्रलयभर काही बोलत नाही. पुस्तकात त्याचे पहिले शब्द येतात ते द्राक्षारसाची धुंदी उतरल्यावर, आणि तो नातवाला शाप असतो. हा भाग आजी शाळेत घेत नसे.

एवढ्या मुकाट आज्ञापालनाचा आमच्या मातीला वेगळा अनुभव आहे. 1327 साली महंमद तुघलकाच्या मनात आलं आणि दिल्लीतल्या माणसांनी हजारावर किलोमीटरची वाट धरली, देवगिरीला, म्हणजे त्यानं नाव बदललेल्या दौलताबादला. काही वर्षांनी परत जायची मुभा मिळाली, तेव्हा तीच वाट पुन्हा. किल्ल्याकडे जाताना वाटतं, त्या काफिल्यात एखादी म्हातारी कुरकुरत चालली असेल, आणि शहाणी तेवढी तीच असेल.

अब्राहाम मला आवडायचा, कारण तो भाव करायचा. सदोम नगराचा नाश होणार म्हटल्यावर तो देवाला अडवतो. पन्नास भली माणसं निघाली तर? बरं, पंचेचाळीस? चाळीस? तीस, वीस, असं करत दहावर आणतो. आजी शहागंजात सीताफळांची पाटी ठरवायची ती याच चालीनं, एक पाय दुकानात आणि एक परतीच्या वाटेवर. पण परक्या गावासाठी एवढी घासाघीस करणारा हा माणूस, पोटचा इसहाक अर्पण कर म्हटल्यावर पहाटे उठून गाढवावर खोगीर घालतो. दहाचे पाच करून बघत नाही. इथे आजीचा आवाज खाली यायचा. ती पान उलटायची आणि म्हणायची, “चला, प्रार्थना करू या.”

त्यापेक्षा ती अब्राहामाच्या बायकोच्या, सारेच्या, गोष्टीत रमायची. नव्वदीच्या सारेला मूल होणार हे ऐकून ती तंबूच्या दाराआड हसली. देवानं हटकलं तर घाबरून चक्क नाही म्हणाली. देव म्हणाला, हसलीस. बस्स, तेवढंच. ना शाप, ना हाकलणं; आणि झालेल्या मुलाचं नाव इसहाक, ज्याच्या अर्थातच हसू आहे.

शेवटच्या वर्षांत डॉक्टरांनी आजीचं सीताफळ बंद केलं. साखर फार वाढली होती. एका संध्याकाळी मी तिच्या खोलीचं दार उघडलं. ती खिडकीकडे तोंड करून बसलेली, खांदे आवळलेले, पदराला पांढरा गर.

“आजी, सीताफळ खाल्लंस?”

तिनं मान हलवली. नाही.

“खाल्लंस.”

तिचे फुगलेले गाल थरथरले, डोळ्यांत पाणी आलं, ते हसण्याचं होतं. मी ओंजळ पुढे केली. तिनं एकेक करून बिया त्यात टाकल्या, काळ्याभोर, चकचकीत. अकरा निघाल्या.