वर न्याय, खाली कायदा

इंग्लंडातल्या मॅजिस्ट्रेट कोर्टात न्याय कोण करतं, हे एकदा नीट समजून घेण्यासारखं आहे. उंच चौथऱ्यावर तिघं जण बसतात. त्यातल्या एक बाई निवृत्त मुख्याध्यापिका असू शकतात, दुसऱ्याचं नळांच्या सामानाचं दुकान असू शकतं, तिसरे गृहस्थ बँकेतून रिटायर होऊन गुलाब लावत असू शकतात. कायदा शिकलेला असलाच पाहिजे अशी अट तिघांपैकी कोणालाही नाही. पगार नाही, खर्च-भत्ता तेवढा मिळतो. १३६१ सालच्या कायद्यापासून ही प्रथा चालत आली आहे आणि तिकडचे नव्वद टक्क्यांहून जास्त फौजदारी खटले याच पायरीवर निकालात निघतात. आपल्याकडे विशेष कार्यकारी दंडाधिकारी हे पद पक्षाच्या कार्यकर्त्यांना लेटरहेड छापायला आणि झेरॉक्सवर शिक्का मारायला मिळायचं. तिकडचे हौशी दंडाधिकारी माणसं खरोखर तुरुंगात पाठवतात.

मग या सगळ्यात कायदा कुठे असतो? तो चौथऱ्याच्या खाली, न्यायासनाकडे पाठ करून बसलेला असतो. त्याला लीगल ॲडव्हायझर म्हणतात. हा मात्र शिकलेला वकील, पगारी, कलमं तोंडपाठ असलेला. ज्याला कायदा येतो त्याने निकाल द्यायचा नाही आणि ज्यांनी निकाल द्यायचा त्यांना कायदा आला नाही तरी चालतं. ही विभागणी अजब वाटत असेल तर आपल्या कुठल्याही ग्रामपंचायतीत जाऊन बसा. ठराव सरपंचांचा, अक्षर ग्रामसेवकाचं. फक्त आपल्याकडे ग्रामसेवक सरपंचांच्या शेजारी खुर्ची टाकून बसतो. तिकडे त्याला पुढ्यात पाठमोरा बसवलाय, त्यामुळे दर वेळी उठायचं, वळायचं, मान वर करायची आणि कुजबुजायचं. वरून मुख्याध्यापिका वाकतात, त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर येतो, आणि त्या चष्म्याच्या व त्या मानेच्या मधल्या वीतभर जागेत ब्रिटिश न्याय तयार होतो. सीनियर लीगल ॲडव्हायझर म्हणजे बढतीच्या आधी मानेला पट्टा लागलेला माणूस असावा.

कामाचे नियम कडक आहेत. कायदा सांगायचा, प्रक्रिया सांगायची, शिक्षा किती देता येते ते सांगायचं. साक्षीदार खरं बोलतोय की थापा मारतोय, यावर मात्र अवाक्षर काढायचं नाही. भुवईसुद्धा जागची हलता कामा नये. आतल्या खोलीत काही सल्ला दिला तर बाहेर येऊन तो दोन्ही बाजूंना भर कोर्टात सांगायचा. आणि वकील न परवडलेला आरोपी समोर उभा असेल तर त्याला मदतही करायची, पण त्याची वकिली करतोय असं वाटू न देता.

अशा बंधनांत तीस वर्षं काढली की माणसाची एक स्वतंत्र भाषा तयार होते. "आपण म्हणताय त्या शिक्षेबाबत मार्गदर्शक तत्त्वांचं पान एकदा समोर ठेवतो, मॅडम" म्हणजे, अहो, एवढ्याशा गोष्टीसाठी कोणी आत टाकतं का? "न्यायासनाला तसं वाटत असल्यास कारणं नोंदवावी लागतील, सर" म्हणजे, करा खुशाल, अपिलात उताणे पडाल. "आपण थोडा वेळ आत बसून विचार करू इच्छिता का?" म्हणजे, बास. मग तिघं आत जातात, सल्लागाराला हाक येते, तो जातो, आणि निर्णय त्या तिघांचाच असतो. कारणं शब्दांत मांडायला तो फक्त मदत करतो. आमच्या ओळखीचे एक मंत्र्यांचे पीए आहेत. भाषणाबद्दल तेही नेमकं एवढंच सांगतात.

बरं, कायदा सांगायचा म्हटलं तर तोही एका जागी उभा राहत नाही. एका गुन्ह्याला जास्तीत जास्त सहा महिने, हा वर्षानुवर्षांचा आकडा मे २०२२ मध्ये बारा झाला. मार्च २०२३ मध्ये परत सहा. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा बारा. वरच्या कोर्टात खटले तुंबले की वाढवायचा, तुरुंग भरले की उतरवायचा. याच २०२२ मध्ये मॅजिस्ट्रेटचं निवृत्तीचं वय सत्तरचं पंचाहत्तर झालं आणि याच वर्षी हे मितभाषी सल्लागार संपावर गेले. भांडण 'कॉमन प्लॅटफॉर्म' नावाच्या सॉफ्टवेअरशी होतं. आयुष्यभर ज्यांनी आवाज चढवला नाही, त्यांना एका कॉम्प्युटरने घोषणा द्यायला लावल्या. सरकारी पोर्टलवर फॉर्म भरलेल्या कुठल्याही माणसाला यात नवल वाटणार नाही.

पण या नोकरीतला सगळ्यात गाजलेला माणूस काहीही न बोलता गाजला. गोष्ट ससेक्सची, १९२३ सालची. मॅकार्थी नावाच्या मोटरसायकलवाल्याचा अपघात झाला आणि बेफाम गाडी चालवल्याचा खटला त्याच्यावर उभा राहिला. पुरावा संपला, मॅजिस्ट्रेट आतल्या खोलीत गेले आणि कायद्याचं काही अडलंच तर असावा म्हणून क्लार्कही मागोमाग आत गेला. तेव्हा सल्लागाराला क्लार्क म्हणत. मॅकार्थी दोषी ठरला. मग कळलं की त्याच अपघाताची भरपाई मॅकार्थीकडून वसूल करायला समोरच्या पक्षाने जी वकिलांची फर्म नेमली होती, तिच्यात हा क्लार्क भागीदार आहे. प्रकरण वर गेलं. मॅजिस्ट्रेटांनी शपथेवर सांगितलं की आम्ही त्याला काही विचारलं नाही आणि त्यानेही खटल्याबद्दल चकार शब्द काढला नाही. सरन्यायाधीश लॉर्ड ह्यूअर्ट यांना ते पटलंही. तरी त्यांनी शिक्षा रद्द केली, कारण न्याय नुसता करून भागत नाही, तो झालेला स्वच्छ दिसावाही लागतो.

हे वचन आपल्या वकिलांचं फार लाडकं. आपल्याकडे ते तालुक्याच्या कोर्टापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत ऐकू येतं, कधी मुद्दा असतो म्हणून, बहुतेकदा नसतो म्हणून. कोपऱ्यात गप्प बसलेल्या एका क्लार्कमुळे ते जन्माला आलं, हे मात्र युक्तिवादात कोणी सांगत नाही.

न्याय दिसावा म्हणून इतकं काटेकोर असलेल्या या देशाने २०१५ मध्ये एक सुधारणा केली. किरकोळ खटल्यांना तीन मॅजिस्ट्रेट कशाला, एक पुरे. कोर्ट कशाला, खोली पुरे. आरोपी कशाला, त्याचं पत्र पुरे, आणि पत्र आलं नाही तर नसलेलंही पुरे. टीव्हीचं लायसन्स (हो, तिकडे अजून लागतं), गाडीचा विमा, वेगमर्यादा, रेल्वेचं तिकीट, असल्या गुन्ह्यांची फाइल एकटा मॅजिस्ट्रेट वाचतो आणि दंड ठोठावतो. प्रेक्षक नाहीत, पत्रकार नाहीत, ज्याला शिक्षा झाली तोही नाही. सोबतीला मात्र आपला लीगल ॲडव्हायझर आहे. कायद्याचं काही अडलंच तर असावा म्हणून.

अडलं, पण कोणाला कळलं नाही. रेल्वे कंपन्यांना ही झटपट पद्धत वापरायची मुभा होती ती रेल्वेच्या उपविधींखालच्या गुन्ह्यांपुरती. कंपन्यांनी ती १८८९ च्या रेल्वे कायद्याखाली भाडं बुडवल्याच्या खटल्यांनाही लावली. फायली जात राहिल्या, दंड होत राहिले. यात बारकावा काही नव्हता. अमुक कायद्याखालचा खटला या पद्धतीने चालवता येतो का, एवढाच तो प्रश्न, आणि तो विचारण्यासाठीच पगार घेणारा माणूस प्रत्येक मॅजिस्ट्रेटच्या दिमतीला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये चीफ मॅजिस्ट्रेट पॉल गोल्डस्प्रिंग यांनी सहा नमुना खटल्यांतल्या शिक्षा मुळातच बेकायदा ठरवल्या. तशा खटल्यांचा अंदाज निघाला सुमारे ७४ हजारांचा.

कंपन्यांनी दिलगिरी व्यक्त केली. मॅजिस्ट्रेटांना दोष देता येत नाही, त्यांना कायदा येत नाही हे तर १३६१ पासून सर्वांना माहीत आहे. सल्लागाराला बोल लावावा, तर त्याला कोणी विचारलंच नसेल. १९२३ मध्ये तो बोलला नाही, तरी शिक्षा रद्द झाली. या वेळी बोलला नाही, म्हणून झाल्या.

मग त्या हजारो फायली काढायच्या, दंड परत करायचे, प्रत्येक प्रकरणात रद्दबातल केल्याचा हुकूम तयार करायचा. सही वरच्या खुर्चीची, हे ठरलेलंच आहे. मसुदा कोण लिहितंय, ते विचारायची तिकडे पद्धत नाही.