टपेश्वर

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये अ‍ॅल्युमिनियमची घडीची शिडी उभी दिसली, की समजावं, टपेश्वर कामाला लागलेत. कोथरूडला जा, सिंहगड रोडला जा नाहीतर वाकडला. जिथे चार उंच गाड्या उभ्या, तिथे एक टपेश्वर असायचाच. बाकीचे लोक गाडी धुतात. टपेश्वर फक्त गाडीचा टप धुतात. दारं, बॉनेट, चाकं ही किरकोळ कामं महिन्याच्या बोलीवर लावलेला मुलगा उरकतो. टपाला मात्र त्यानं बोट लावायचं नाही, असा करारच आहे.

टपेश्वर स्वतः पाच फूट तीन इंच. गाडी स्कॉर्पिओ क्लासिक, उंची 1995 मिलीमीटर, म्हणजे साडेसहा फूट. हा आकडा त्यांना लग्नाच्या तारखेपेक्षा लवकर आठवतो. एखाद्या तळघराच्या तोंडाशी ‘उंची 2 मीटर’ अशी पाटी दिसली, की मागच्या गाड्यांनी कितीही हॉर्न वाजवोत, ते आधी खाली उतरतात. मधे पाच मिलीमीटर राहतात हे त्यांना पाठ असतं. नुकत्याच चढवलेल्या पॉलिशनं त्यातलं किती खाल्लं, एवढाच प्रश्न असतो.

उंच गाडी घ्यायची ती चार लोकांनी मान वर करून बघावी म्हणून. पण चार लोकांनी मान मोडेपर्यंत वर केली तरी टप दिसत नाही. तो दिसतो दुसऱ्या मजल्यापासून पुढे. म्हणजे टपेश्वरांच्या कलेला रसिक दोनच: वरच्या बाल्कनीतल्या आजी आणि कावळे.

त्यांचे वडील हे बघायला असते तर हबकले असते. त्यांच्या पिढीला टप माहीत होता तो एसटीचा. त्यावर ट्रंका, सायकली, आंब्याच्या पेट्या आणि प्रसंगी कोंबड्या जायच्या, आणि चढायला मागे लोखंडी शिडी असायची. “गाडी दोन मीटर उंच दिली, पण शिडी दिली नाही,” हे टपेश्वरांचं कंपनीबद्दलचं एकमेव गाऱ्हाणं.

त्यांना थांबून “काय चाललंय?” असं विचारणारा माणूस सोसायटीत नवा असतो. जुने मागच्या गेटनं जातात.

“ऊन सगळ्यात जास्त कुठं पडतं? टपावर. रंगावरचा क्लिअर कोट किती जाड? चाळीस-पन्नास मायक्रॉन! केसाहून पातळ. तो आधी कुठं सोलतो? टपावर. आणि लोक पुसतात काय? नंबरप्लेट!”

पंचाईत अशी, की यातलं काहीही खोटं नसतं. दोन बादल्या का, तर एकीत शाम्पूचं पाणी आणि दुसरीत हातमोजा खळबळायला, म्हणजे धुळीचा कण परत रंगावर घासत नाही. कापड गोल फिरवायचं नाही, सरळ ओढायचं. नाहीतर उन्हात कोळ्याचं जाळं दिसतं. मेण लावायचं ते ब्राझीलमधल्या कारनौबा ताडाच्या पानांवरचं. हे सगळं ऐकून होईपर्यंत तुमचं दूध नासलेलं असतं.

पाण्याची कथा वेगळीच. सोसायटीत बोअरचं पाणी. ते टपावर वाळलं की क्षारांचे पांढरे ठिपके उठतात. म्हणून शेवटचा हात स्वयंपाकघरातल्या फिल्टरच्या पाण्याचा. रविवारी टपेश्वरांकडे पाहुणा गेला, की “बसा हो, फिल्टर भरतोय” असं सांगून त्याला तासभर कोरडा ठेवतात.

उभा दावा आहे तो चौथ्या मजल्यावरच्या पुण्यवान गृहस्थांशी. ते रोज पहाटे कबुतरांना ज्वारी घालतात. ती ज्वारी दुपारपर्यंत टपावर कोणत्या रूपात पोचते, हे टपेश्वरांनी सर्वसाधारण सभेत उभं राहून सांगितलं. त्यातलं आम्ल रंग कसा खातं, हेही सांगितलं. “तुमचं पुण्य माझ्या खात्यावर जमा होतंय!” हे वाक्य सेक्रेटरींना इतिवृत्तात कसं लिहावं ते सुचलं नाही.

पण टपेश्वरांची खरी लढाई टपाच्या मध्यभागी चालते. डावीकडून शिडी लावली तरी हात तिथवर जात नाही, उजवीकडून लावली तरी नाही. मधे वीतभर पट्टा उरतोच. वर चढून बसावं तर पत्रा दबेल. मग पोटावर आडवं होऊन, एक पाय शिडीवर आणि एक हवेत, अशा आसनात ते कापड पुढे ढकलतात. तेवढ्यात वरून आजी ओरडतात, “अहो, मधे राहिलंय हो! नाही, तिकडे नाही, जरा सनरूफकडे!”

“आजी, या गाडीला सनरूफ नाही!”

“मग ते चौकोनी काय दिसतंय?”

ते चौकोनी म्हणजे राहिलेला भाग.

घरात वेगळाच न्याय. दिवाणखान्यातल्या पंख्याच्या पात्यांवर धुळीची साय धरलीय. “अहो, एकदा तेवढं पुसा ना,” असं बायको गणपतीला म्हणाली, दिवाळीला म्हणाली, आता पाडवा आला. उत्तर ठरलेलं: “हात पोचत नाही गं.” शिडी? ती खाली लागते.

मध्यंतरी त्यांनी गाडी विकायला काढली. गिऱ्हाईक आलं. टायर दाबून पाहिले, इंजिन चालू करून कान लावला, किलोमीटर वाचले, सर्व्हिसचं पुस्तक चाळलं. सगळं पसंत पडलं, भावही जमला. टपेश्वरांनी शांतपणे शिडी उघडून त्याच्यासमोर ठेवली. म्हणाले, “आता वर चढा.”

“कशाला? वर काय बघायचंय?”

गाडी अजून सोसायटीतच आहे. टपेश्वर म्हणतात, योग्य स्थळ येईपर्यंत घाई नाही.