बाकावरच्यांचे वकील

वेळणेश्वरला देवळाकडून समुद्रावर जाताना चहाच्या टपरीवर काका भेटले नाहीत, तर ते गावात नाहीत असं खुशाल समजावं. भारत जिंको वा हरो, काकांचा सवाल एकच: "बाहेर कोणाला बसवलंय?" जो खेळतो तो वशिल्याचा, पाणी घेऊन धावतो तो गुणी.

पद्माकर शिवलकर हे त्यांचं दैवत. प्रथम श्रेणीत 589 बळी, कसोटी एकही नाही; त्या जागी बेदी होता. "बेदी मोठाच हो," काका चहा बशीत ओतत कबूल करतात, "पण..." या 'पण'नंतर दुसरा चहा मागवावा लागतो. पैसे ऐकणाऱ्याचे. त्या चहात अमोल मुजुमदार येतो. 1988 मध्ये तेंडुलकर-कांबळी 664 धावांची भागी रचत होते, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला हाच. पुढे 11,167 धावा करूनही भारताची टोपी नाही ती नाहीच. इथे काकांचा आवाज खरोखर कापतो, आणि मला वाटतं, इथपर्यंत त्यांचं बरोबरच आहे.

पंचाईत होते ती राखीव खेळाडूला संधी मिळाली की. अॅडलेडला 36 धावांत भारताचा खुर्दा उडाला तेव्हा यष्टींमागे साहा होता आणि काका कडवे पंतवादी. मेलबर्नला पंत आत आला. 19 जानेवारी 2021 ला ब्रिस्बेनला नाबाद 89 करून त्याने मालिका जिंकून दिली. टपरीवर पेढे आले. काकांनी एक तोंडात टाकला आणि म्हणाले, "सिडनीत पुकोव्हस्कीचे दोन झेल सोडलेन त्याचं काय? साहाने सोडले असते?" पेढा संपेस्तोवर ते कुलदीप यादववर पोचले होते, कारण अख्ख्या दौऱ्यात त्याला एकही कसोटी मिळाली नव्हती.

घरीही तीच तऱ्हा. जावई लाखात एक; पण जेवताना काकांना हटकून नाकारलेलं चिपळूणचं स्थळ आठवतं. जावई निमूट आमटी वाढून घेतो.

परवा ओहोटीच्या वेळी पोरांचा टेनिस बॉलचा सामना होता. काकांनी हट्टाने कीपर बदलायला लावला. नव्या कीपरच्या पायांमधून पहिलाच चेंडू थेट लाटेत गेला. काकांनी पापणीही हलवली नाही. माडाखाली सगळ्यांचे मोबाईल राखत बसलेल्या पोराकडे बोट करून म्हणाले, "त्याला घ्या म्हणून मी कधीचा सांगतोय."

"काका, त्यालाच तर तुम्ही आत्ता बसवलात!"

"मग? बसवल्याशिवाय गुण दिसतात काय रे?"