अबोलीचं बी धरावं कसं : पेडणे व डिचोली तालुक्यांतील गृहस्थांसाठी मार्गदर्शिका

परदेशी फुलांचा विषय आधी उरकून घेऊ. अमेरिकेतली भाची सुट्टीला येताना जांभळ्या एकिनेशियाच्या बियांचं पाकीट आणते. विनापरवाना बियाणं देशात आणायला वनस्पती संगरोध आदेश, 2003 आडवा येतो, हे तिला मोपा विमानतळावर आठवत नाही. झाड मूळचं तिकडच्या मिसुरी, इलिनॉयच्या गवताळ रानांतलं. हिवाळाभर गारठल्याशिवाय त्याचं बी सहसा नीट रुजत नाही. पेडण्याची कडाक्याची थंडी म्हणजे जानेवारीची पहाट, 20 अंश आणि डोक्याला कानटोपी. तेव्हा बी ओल्या वाळूत घालून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवावं, असा सल्ला देतात. गोव्यात तो महिना बांगड्यांच्या शेजारी काढावा लागतो, आणि पंधरवडा व्हायच्या आत कोणीतरी "हें कितें गो?" म्हणत डबी रिकामी करून, घासून, पालथी घालतं. प्रयोग समाप्त. आता आपल्या अबोलीकडे वळू.

अबोली दक्षिण भारतातली आणि श्रीलंकेतली. तिला थंडी नको, फ्रिज नको. बी मात्र हवं, आणि गोची तिथेच आहे.

अबोलीचं कणीस खालून वर फुलत जातं. एका वेळी दोन-चार फुलं, मग एखाद-दुसऱ्या दिवशी वरची दोन-चार. फूल गळून गेलं की हिरव्या पात्यांच्या आड बोंड भरतं. म्हणजे बी हवं असेल तर निदान एका कणसाला कोणी हात लावता कामा नये. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात साडेपाचला सासूबाई देवांसाठी परडी घेऊन उतरतात. त्यांच्यामागून फातीसाठी काकी. उरलेलं झाड गडग्यापलीकडची शेजारीण बघते. तिला अडवलंत तर उत्तर ठरलेलं आहे : "देवाक जाय गो, म्हाका न्हय." या युक्तिवादाचा प्रतिवाद गोव्यात आजवर कोणी केलेला नाही; तुम्हीही करायला जाऊ नये.

उपाय एकच. राखायच्या कणसाला तांबडा दोरा बांधावा. लोक तो नवसाचा समजतात. हात जोडतात आणि शेजारच्या कणसावरची फुलं खुडतात. दोरा का बांधला असं कोणी विचारलं तर खाली बघून गप्प राहावं.

शिरगावकरांना हा जाच वैशाखात जरा कमी. लईराईला मोगरा लागतो, त्यामुळे जत्रेच्या दिवसांत सगळ्यांचे डोळे मोगऱ्यावर असतात. मोगरा फांदी खोवली की लागतो. त्यावर मार्गदर्शिका लिहिण्याइतका तो अडून बसत नाही.

राखलेलं कणीस मे महिन्यात वाळून तपकिरी होतं. इथे घाई करावी, कारण अबोली पावसाची वाट बघत असते. तिचं वाळलं बोंड भिजलं की तडकतं आणि आतल्या चार बिया लांब उडवून मोकळं होतं. गोव्यात पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात पोचतो. त्या दिवशी तुम्ही छत्री शोधेपर्यंत वर्षभराचं बियाणं अंगणभर झालेलं असतं. म्हणून मे संपायच्या आत कणीस कापून कागदी पिशवीत ठेवावं. रिकाम्या बरणीतही चालेल, फक्त ती कोरडी असावी.

बी काढण्याचा विधी स्वयंपाकघरात, दुपारी सगळे आडवे झाल्यावर करावा. स्टीलच्या पातेल्यात कणीस ठेवावं, वर चमचाभर पाणी शिंपडावं, झाकण घालावं. जरा वेळ काहीच होत नाही. मग टिक्. मग टाक्, झाकणाला. मग दोन-तीन एकदम. आतल्या खोलीतून "फोडणीला काय टाकलंय?" अशी विचारणा होईल, गॅस बंद असल्याचं सांगून तिचं समाधान होणार नाही. आवाज थांबले की झाकण काढावं. तळाशी चपट्या, खवलेदार, तपकिरी बिया दिसतील. ओल्या असल्याने त्या बोटाला चिकटतात, तेव्हा त्याच दिवशी पेराव्यात.

पेरायला करवंटीसारखं भांडं नाही. तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो, तो टोचला की निचऱ्याची सोय झाली. तांबडी माती, रेती आणि चाळलेलं शेणखत सारखं घ्यावं, बी वरवर दाबावं, माती जेमतेम झाकेल इतकीच टाकावी. यापुढे दोन-तीन आठवडे, कधी त्याहूनही जास्त, काहीही घडत नाही. अधीर गृहस्थांनी पेडण्याच्या पुनवेला भगवतीच्या देवळाकडे जाऊन यावं. भूतनाथाला एका रात्रीत देऊळ हवं असतं. ते मिळत नाही म्हणून तो रुसून धावत सुटतो आणि भक्त "सायबा, बांधतो देऊळ" म्हणत त्याला परत आणतात. पुढल्या कोजागिरीला पुन्हा तेच. आश्वासनावर देवाचं भागतं, तर आपलंही भागावं. माती उकरून बघू नये.

चार-सहा पानं फुटली की रोप फूटभर अंतराने लावावं. न्हाणीचं पाणी जातं त्या वाटेला, अर्ध्या उन्हात. पाणी मात्र साचू देऊ नये, मुळं कुजतात. पानं पिवळी पडू लागली तर घाबरण्याआधी ती धुवावीत. डिचोलीत खनिजाच्या ट्रकांच्या रस्त्याकडेला घर असेल तर पान पिवळं आहे की नुसतं तांबडं, हे धुतल्याशिवाय कळत नाही. धुऊनही पिवळंच राहिलं तर एक रोप उपटून मुळं बघावीत. गाठी दिसल्या तर ते सूत्रकृमी. निंबोळी पेंड घालावी आणि मध्ये मध्ये झेंडू लावावा. त्याच्या मुळांतून पाझरणारी द्रव्यं या कृमींना मानवत नाहीत. शिवाय दसऱ्याला तोरणापुरती फुलं घरची होतात.

नर्सरीतून 'दिल्ली' अबोली आणलेली असेल तर मात्र वरचं सगळं विसरावं. तिच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात. फुलं भरभरून येतात, पण बी धरत नाही. ती फांदीवरूनच वाढवतात. तिच्या कणसाला तांबडा दोरा बांधून बसलात तर भूतनाथाचं देऊळ आधी होईल.

एक कायदेशीर मुद्दा राहिला. पातेल्यात न सापडलेलं बी पहिल्या पावसात गडग्यापलीकडे उडतं, आणि अनुभव असा की तिथे ते जास्त जोमाने रुजतं. रोपाची मालकी कोणाची, हा प्रश्न काढू नये. गडग्याचे दावे गोव्यात नातवंडांपर्यंत चालतात. त्यापेक्षा पहाटे परडी घेऊन सरळ पलीकडे जावं. शेजारणीने हटकलंच, तर काय म्हणायचं ते तिनेच तुम्हाला शिकवलेलं आहे.