पहिला मालक

नानांनी नवी कोरी वस्तू घेतल्याचं शहाद्यात कुणाला आठवत नाही. पैसे नसतात असं नव्हे. मोटारसायकलची सीट कव्हरं, ट्रॅक्टरचं हूड, मिरचीच्या पथारीसाठी ताडपत्र्या, केळीच्या ट्रकचे पडदे, असं काम दोंडाईचा रस्त्यावरच्या त्यांच्या दुकानात बारा महिने असतं. पण नवी वस्तू बिघडली तर शिव्या कुणाला घालायच्या, हा प्रश्न त्यांना अजून सुटलेला नाही. कंपनीला शिवी लागत नाही, असं त्यांचं अनुभवाचं मत आहे. जुन्या वस्तूची गोष्ट वेगळी. तिला पहिला मालक असतो.

हा इसम नानांनी कधी पाहिलेला नसतो आणि ते बरंच आहे. त्यांची मोटारसायकल चढाला रडते, कारण पहिला मालक क्लचवर बोट ठेवून गाडी हाकायचा. दुकानातला पंखा तीनच्या पुढे जात नाही, कारण पहिला मालक कंजूष होता. नंदुरबार जिल्हासुद्धा नानांच्या हिशेबात सेकंडहँडच: ‘१ जुलै १९९८ला धुळ्यानं वापरून दिलेला.’ एकदा धुळ्याच्या पाहुण्यानं हरकत घेतली, की धुळं तरी कुठं नवं होतं? नानांनी ताबडतोब मान्य केलं. मग ते १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे करणाऱ्या इंग्रजापर्यंत मागे गेले आणि दुकानासमोरच्या खड्ड्याचा मूळ मालक सापडल्याच्या आनंदात पाहुण्याला चहा पाजला.

अशा माणसाला वॉकिंग फूट शिलाई मशीन घ्यायची होती, तर तो सुरतेला जुनीच शोधायला जाणार.

मशीन घेणं भागच होतं. साध्या मशीनमध्ये माल ओढतात ते खालचे दाते. वरचा पाय नुसता दाबून उभा असतो. सुती कापडाला ते चालतं. रेक्झिनच्या दोन थरांमध्ये फोम घातला की खालचा थर पुढे निघून जातो, वरचा मागे रेंगाळतो आणि शिवण संपते तेव्हा वरचं रेक्झिन बोटभर शिल्लक राहतं. नानांनी घेतलेल्या मशीनला दोन पाय आहेत. एक दाबून धरतो, दुसरा पाऊल टाकतो. शिवाय सुई मालात रुतलेली असतानाच मालाबरोबर मागे सरकते. दाते, सुई आणि पाय एका चालीनं चालतात. एका कुटुंबातल्या तिघांनी असं चालल्याचं आमच्या पाहण्यात नाही.

मशीनचं हेड गोणपाटात बांधून नाना ताप्ती लाईनच्या गाडीनं परत निघाले. नवापूर स्टेशन अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. तिथं त्यांनी गोणपाट सोडून हेड शेवटचं तपासलं म्हणे. पुढे काही निघालं तर ते कोणत्या राज्यात बिघडलं, हे ठाऊक असलेलं बरं.

निघालं ते टाक्यात. पहिल्याच सीट कव्हरवर मशीननं इंचाला बारा टाके घातले. दिसायला शिवण सुरेख. पण रेक्झिनला इतकी जवळजवळ भोकं पडली की ते टपाल तिकिटासारखं टाक्यांच्या रेघेवरून फाटतं. सीटला इंचाला सहा-सात टाके पुरेत. गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी कव्हर हातात घेऊन आलं.

“पहिला मालक पाकिटं शिवायचा,” नानांनी निदान केलं. “बारीक कामाचा माणूस. मनानंही बारीकच असणार.”

टाका मोठा करायचा म्हणजे आकड्यांची चकती फिरवायची, हे नानांना माहीत होतं. शेजारच्या टेलरच्या मशीनला ती समोरच आहे. या मशीनला चकतीच नव्हती. पुढे नाही, मागे नाही, चाकाखाली नाही. सुरतेच्या व्यापाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, “ऐसा ही आया था.” या चार शब्दांवर नानांनी खटला उभा केला. पहिल्या मालकानं मशीन विकण्यापूर्वी चकती काढून घेतली होती. का? वेगळी विकायला. कशासाठी? आठ दिवसांत त्या अनोळखी माणसाला नानांनी जुगाराचा नाद, कर्ज आणि एक हट्टी मेहुणा एवढा संसार लावून दिला. मेहुण्यानंच चकती विकायचा सल्ला दिला, यावर दुकानातल्या बाकाचं एकमत झालं. (बाकावर मीही होतो. मेहुणा मला सुरुवातीपासून संशयास्पद वाटत होता.)

तोवर काम थांबलेलं. ताडपत्रीवाला रोज सायकल न उतरताच विचारायचा, “व्हई गयं का, नाना?”

“तुले काय सांगू भो! चकती चोरीले गई.”

शेवटी नंदुरबारहून एक म्हातारा मेकॅनिक आला. त्यानं मेहुण्याची हकीकत पूर्ण ऐकून घेतली. रॉकेलमध्ये चिंधी बुडवली आणि मशीनची पाटी पुसायला घेतली. वर्षानुवर्षांचं तेल, धाग्यांचा भुगा आणि रेक्झिनची धूळ यांचा थर निघाला. त्याखाली एक बटण होतं.

म्हाताऱ्यानं बटण डाव्या अंगठ्यानं दाबून धरलं आणि उजव्या हातानं चाक सावकाश फिरवलं. आत कुठंतरी खाचेत ‘टक्’ झालं. बटण तसंच दाबून ठेवून त्यानं चाक आणखी थोडं फिरवलं, चाकावरचा हवा तो आकडा खुणेसमोर आणला आणि अंगठा उचलला. चिंधीवर वीतभर शिवण घातली, पट्टी लावली. इंचाला सात टाके.

“या मशीनला चकती नसतेच, नाना. बटणच असतं. फक्त मशीन चालू असताना दाबू नका, आतला भाग तुटेल.”

दुकानात शांतता पसरली. जुगार, कर्ज, मेहुणा, सगळं एका अंगठ्याखाली दबून गेलं होतं. नानांची आम्हाला काळजी वाटली. पण असा माणूस एवढ्यानं खचत नाही.

“ते खरं,” ते म्हणाले, “पण बटणावर एवढा मळ साचू देणारा माणूस कसा असेल?”

त्या दिवसापासून नाना बदलले, म्हणजे आणखी तसेच झाले. आता ते दर कामाला टाका बदलतात. पातळ रेक्झिनला वेगळा, ताडपत्रीला वेगळा, चामड्याला तर मोठा टाका हवाच. काम एकाच प्रकारचं आलं तरी गिऱ्हाइकाला ‘टक्’ ऐकवल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. पोऱ्याला बटणाला हात लावायची परवानगी नाही. उद्या मशीन विकायची वेळ आली तर आपण कुणाचे तरी पहिले मालक ठरू, ही शक्यता मी एकदा त्यांच्या कानावर घातली. चामड्याच्या तुकड्यावर पट्टी ठेवून टाके मोजता मोजता ते थबकले. “मी बटण पुसून देईन,” असं म्हणाले आणि पुन्हा पहिल्या टाक्यापासून मोजू लागले.

त्यांची खरी बिरादरी त्यांना सारंगखेड्याला भेटते. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तापीकाठी घोडेबाजार उभा राहतो. यात्रेआधी नानांकडे खोगिरं आणि तंगाचे पट्टे शिवायला येतात, ते पोचवायला नाना स्वतः जातात. तिथं तर प्रत्येक जण पहिल्या मालकाबद्दलच बोलत असतो. घोडं का बुजतं, नाल ठोकताना लाथ का मारतं, आधीच्या घरी काय खायचं, आधीच्या धन्याला सोसलं की नाही. मानेवरची देवमण बघतात, बाकीचे भोवरे मोजतात. दोषाचा भोवरा निघाला की भाव पडतो. नाना दिवसभर घोळक्यांत कान देऊन हिंडतात. एकही घोडं न घेता इतकं समाधान मिळवणारं दुसरं गिऱ्हाईक त्या बाजारात नसेल.

परवाच्या यात्रेत शिरपूरकडचा एक सौदागर पट्ट्याचे पैसे देता देता कुरकुरला, “घोडी देखणी आहे नाना, पण पाऊल आखूड टाकते. चालीत लांबी नाही.”

नानांचे डोळे चमकले. ते घोडीच्या बाजूला गेले. मान चाचपली, खांद्यावरून हात खाली नेला, वाकून पोटाखाली पाहिलं आणि अंगठ्यानं बरगडीवर दाबलं. घोडीनं कान मागे टाकले.

“काय बघता नाना?”

“हिला कुठं बटण आहे का?”

सौदागरानं नोटा मोजून नानांच्या खिशात घातल्या.

“होतं ना,” तो म्हणाला. “पहिल्या मालकानं काढून घेतलं.”