बारावीनंतर काय? खानावळ फोडा!

निकाल लागले की वर्तमानपत्रांत करिअर मार्गदर्शनाचे पीक येते. इंजिनीअरिंग, मेडिकल, सीए, फार तर यूपीएससी. तज्ज्ञांची गाडी या चार स्टेशनांच्या पुढे जात नाही. पालकहो, एका हमखास अभ्यासक्रमाबद्दल तुम्हाला कोणीच सांगत नाही, म्हणून ते काम आम्ही अंगावर घेतले आहे. याला पुस्तके नाहीत, हजेरी नाही आणि परीक्षा म्हणजे एक जेवण. खायचे, प्यायचे आणि ज्याच्याकडे जेवलो त्याची खानावळ फोडायची. याच वर्गातले दोघे पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झाले, एक अर्थमंत्री झाला. आता बोला!

संस्था जुनी आहे. ऑक्सफर्डचा बुलिंग्डन क्लब, स्थापना १७८०. शिकार आणि क्रिकेटसाठी निघालेला हा क्लब लवकरच जेवणावळींकडे वळला. क्लब माहितीपुस्तिका काढत नाही, तेव्हा इच्छुकांनी २०१४ चा ‘द रायट क्लब’ हा चित्रपट पाहावा. लॉरा वेड यांचे ‘पॉश’ हे नाटक लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरात २०१० च्या एप्रिलमध्ये आले, मे महिन्यात निवडणूक झाली आणि बुलिंग्डनचे माजी सदस्य डेव्हिड कॅमेरॉन पंतप्रधान झाले. त्याच नाटकाचा हा चित्रपट. दिग्दर्शिका लोन शेर्फिग डेन्मार्कच्या. क्लबचे नाव काल्पनिक आहे. तेवढे एक सोडले तर कोटाच्या शेपटीसकट बाकी सगळे ओळखीचे वाटते.

पात्रता. सीईटी नाही, कॅप राउंड नाही, अर्जसुद्धा नाही. शंभर टक्के मॅनेजमेंट कोटा. फक्त पैसे आजोबांच्याही आजोबांनी भरलेले असावे लागतात. ईटन, हॅरोसारख्या शाळेचा दाखला असला की निम्मे काम झाले. निवड झाल्याचे पत्र येत नाही. जुने सदस्य येऊन तुमच्या खोलीची नासधूस करून जातात, ते अभिनंदन समजायचे.

गणवेश. गडद निळा शेपटीचा कोट, मखमली कॉलर, पितळी बटणे, मोहरीच्या रंगाचे जाकीट, आकाशी बो. पूर्ण पोशाखाचा खर्च साडेतीन हजार पौंडांच्या घरात सांगतात. म्हणजे आजच्या भावाने साडेतीन लाख रुपयांच्या वर. याच पोशाखात १९८७ साली कॅमेरॉन आणि बोरिस जॉन्सन यांनी इतर सदस्यांबरोबर पायऱ्यांवर उभे राहून फोटो काढला. वीस वर्षांनी तो गाजू लागला, तेव्हा हक्क असलेल्या स्टुडिओने छापायला मनाई केली. मग बीबीसीच्या ‘न्यूजनाइट’ने चित्रकाराकडून त्याचे रंगचित्र काढून घेतले. काही माणसांचे तरुणपण पाहायलाही परवानगी लागते.

प्रात्यक्षिके. चित्रपटात क्लबचे दहा वीर शहराबाहेरच्या एका साध्या पबमध्ये जेवायला जातात. मालकाला मोठे गिऱ्हाईक मिळाल्याचा आनंद. एकात एक दहा पक्षी भरून भाजलेला पदार्थ मागवलेला असतो. मोजल्यावर नऊच भरतात आणि दहाव्या पक्ष्यासाठी साम्राज्य बुडाल्यासारखा आक्रोश सुरू होतो. साध्या घरातून आलेल्या एका विद्यार्थिनीला फसवून बोलावले जाते आणि तिच्या तीन वर्षांच्या फीची बोली लावून तिच्यापुढे नको ते मागणे ठेवले जाते. मग फर्निचर, भिंती, काचा. मालक जाब विचारायला येतो तेव्हा आधी त्याच्यापुढे नोटा धरल्या जातात आणि मग त्यालाच तुडवले जाते.

हे अतिरंजित आहे असे म्हणणाऱ्यांनी ऑक्सफर्डशेरचीच दप्तरे चाळावीत. २००४ मध्ये बुलिंग्डनच्या मंडळींनी फायफील्ड गावातल्या पंधराव्या शतकातल्या ‘व्हाइट हार्ट’ पबमध्ये भांडी आणि वाइनच्या बाटल्या फोडल्या. चौघांना पोलिसांनी धरले आणि दंडावर प्रकरण मिटले. १८९४ आणि पुन्हा १९२७ मध्ये क्राइस्ट चर्च कॉलेजच्या पेकवॉटर क्वाडची तावदाने फुटली. फुटलेल्या खिडक्यांचा नोंदलेला आकडा ४६८. त्यानंतर शिक्षा काय, तर ऑक्सफर्डच्या पंधरा मैलांत क्लबने जमायचे नाही. विद्यापीठाच्या काचा वाचल्या, खेड्यातल्या पबवाल्यांच्या वाट्याला क्लब आला.

कॉलेजेही काही अगदीच असहाय नव्हती. एव्हलिन वॉ यांनी १९२८ च्या ‘डिक्लाइन अँड फॉल’ या कादंबरीत हे मर्म पकडले आहे. २०१७ मध्ये बीबीसीने तिची मालिकाही केली. क्लबवाले अंगणात धुडगूस घालत असतात आणि वरच्या खिडकीतून दोन प्राध्यापक आशेने पाहत असतात, कारण दंड भरपूर जमला तर तळघरातली उंची पोर्ट बाहेर निघणार असते. क्लबवाले ज्याची विजार उतरवतात, त्या गरीब विद्यार्थ्यालाच शेवटी असभ्य वर्तनासाठी कॉलेजातून काढले जाते. दंड भरण्याची ऐपत नसणे, हा त्याचा खरा गुन्हा.

प्लेसमेंट. इथे संस्थेचा हात कोणी धरणार नाही. ‘द रायट क्लब’मध्ये सगळ्यांचा दोष एकाच्या माथी मारून त्याला विद्यापीठातून काढतात आणि शेवटी क्लबचा एक माजी सदस्य, सत्तेतला बडा राजकारणी, त्याला बोलावून भविष्याची काळजी करू नकोस असे सुचवतो. अमेरिकेतही शाखा आहेत. ‘अ‍ॅनिमल हाउस’ या १९७८ च्या विनोदी चित्रपटात सगळ्यात उपद्रवी विद्यार्थी पुढे सिनेटर होतो, यावर प्रेक्षक पोट धरून हसले. २००४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत बुश आणि केरी हे दोन्ही प्रमुख उमेदवार येल विद्यापीठाच्या ‘स्कल अँड बोन्स’ या एकाच गुप्त मंडळाचे निघाले, तेव्हा हसण्याची सोय राहिली नाही. २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह संघटनेने ठरवले की बुलिंग्डनच्या सदस्याला आपल्याकडे पद नाही. पुढच्याच वर्षी जॉन्सन पंतप्रधान झाले. विद्यार्थी संघटनेचे नियम कडक असतात. देशाचे तेवढे नसतात.

आता कॅमेऱ्याविषयी दोन शब्द. हे चित्रपट श्रीमंतांचे वाभाडे काढायला निघतात आणि मेणबत्तीच्या उजेडात त्यांच्या गालांच्या हाडांवर भाळून बसतात. ‘द रायट क्लब’मधले मॅक्स आयर्न्स आणि फ्रेडी फॉक्स हे दोघेही नामवंत अभिनेत्यांचे चिरंजीव, घराणेशाहीवरच्या चित्रपटालाही घराणी लागतात. २०२३ च्या ‘सॉल्टबर्न’ने तर कमाल केली. त्यात ऑक्सफर्डमधला एक मुलगा गरिबीचे सोंग घेऊन उमरावाच्या वाड्यात शिरतो आणि एकेकाचा काटा काढतो. म्हणजे दोन तासांहून अधिक डोक्याला ताप देऊन निष्कर्ष काय, तर बिचाऱ्या श्रीमंतांनी मध्यमवर्गीयांपासून सावध राहावे!

शेवटची सूचना महत्त्वाची. हा अभ्यासक्रम फक्त पात्र उमेदवारांसाठी आहे. २०११ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमध्ये दंगली पेटल्या. गुन्हेगारांना दयामाया नको, असे पंतप्रधान कॅमेरॉन ठणकावून सांगत होते. तेव्हा ब्रिक्स्टनमधल्या एका सुपरमार्केटातून साडेतीन पौंडांच्या पाण्याच्या बाटल्या उचलल्याबद्दल एका विद्यार्थ्याला न्यायालयाने सहा महिन्यांची कैद सुनावली. त्याची आधीची एकही नोंद नव्हती. तेव्हा पालकहो, मुलाला काही फोडायला पाठवण्याआधी घरातले चेकबुक तपासा. ते पुरेसे जाड नसेल, तर त्याला बिल भरून मुकाट्याने घरी यायला शिकवा.