हेर म्युलर, गंगाखेडकर

गंगाखेडात कुणाचा फ्यूज उडाला की आमच्या गल्लीतल्या वायरमनला बोलावणं जातं. हल्ली तो दारातूनच 'गुटेन टाग' म्हणतो आणि चप्पल काढायच्या आधी घरातल्या म्हातारीशी हस्तांदोलन करतो.

महाराष्ट्र सरकारनं फेब्रुवारी 2024 मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी 10,000 कुशल माणसं पाठवायचा करार केला. ती बातमी वाचून यानं चाळिशीत जर्मन शिकायला वही घेतली. शाळेत इंग्रजीनं दोनदा आपटलेला माणूस. पाठांतराशी जुनं वैर. म्हणून त्यानं सरळ सोंग घेतलं. स्वतःचं नाव ठेवलं हेर म्युलर, म्हणजे म्युलरसाहेब.

जर्मनमध्ये टेबल 'तो', म्हणून घरच्या टेबलावर गांधी टोपी. दिवा तिकडं 'ती', म्हणून दिव्याला ओढणी. पाव 'ते', म्हणून पावाच्या पुड्याला भाचीचं टोपरं. पाहुण्याला कळेना, चहाचा कप टोपीवर ठेवावा की टोपी उचलून.

जेवणं झाली की बायको जर्मन घरमालकीण होते. हा दार वाजवून, कंबरेत वाकून नमस्कार-चमत्कार सुरू करतो. ती पोळपाट घासता घासता म्हणते, "आधी भाडं टाका, मग काय टाग-बिग म्हणायचं ते म्हणा!"

एकदा स्टेशनावर तिकिटाच्या खिडकीत यानं विचारलं, "वान फेर्ट डेर त्सुग नाख परळी?" आतला गप्प. रांगेतला एक जण म्हणाला, "कानडी बोलायलेत बहुतेक." हातात मात्र परळीचंच तिकीट पडलं.

लोक हसतात. पण बल्गेरियाच्या लोझानोव्ह नावाच्या डॉक्टरनं साठ-सत्तरच्या दशकात हेच केलं होतं. वर्गातल्या मोठ्या माणसांना तो नवं नाव, नवा धंदा द्यायचा आणि संगीत लावून परकी भाषा शिकवायचा. चूक झाली तर ती त्या नव्या माणसाची; आपली अब्रू शाबूत. आपल्याला तरी यात नवल काय? आमच्याच गोदेच्या वरच्या अंगाला, पैठणात, एकनाथांनी भारुडात किती सोंगं घेतली! साध्या तोंडानं जे बोलायची चोरी, ते सोंगाच्या तोंडून बिनदिक्कत निघतं.

वायरमनचंही तसंच झालंय. एरवी हा इतका भिडस्त की केलेल्या कामाचे पैसे मागताना याचेच कान लाल व्हायचे. आता मोंढ्यातल्या एका आडत्याकडं गेल्या दिवाळीची बाकी होती, तिथं हेर म्युलर छाती काढून उभे राहिले.

"गेल्ड, बिटे!"

आडत्यानं चष्मा कपाळावर सरकवला, याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि हात जोडले.

"सायेब, माझं देणं लागतंय ते वायरमनचं. त्याला पाठवा. तुमाला तर मी वळखत बी नाई."